मॉरीनचे २.६ मैल

मॉरीनने लायब्ररीतून आणलेला नकाशा माझ्या कीबोर्डवरच पसरला आणि विचारलं, "यातला रस्ता कुठला?"

मी नकाशात डोकं घातलं. डावीकडे एक ग्रीक बेट होतं, त्याच्या टोकाला तिने बुक केलेलं हॉटेल. उजवीकडे दुसरं बेट. तिला जायचं होतं ती जागा त्या दुसऱ्या बेटावर होती. मध्ये सगळा निळा रंग. रस्ता नव्हताच, कारण मध्ये समुद्र होता.

"तूच म्हणालीस ना, २.६ मैल, तासाभरात चालत जाशील," ती म्हणाली.

म्हणाले होते. चांगली ऐटीत म्हणाले होते.

ही इंग्लंडातल्या ब्रॅकनेल गावातल्या एका हॉलिडे कंपनीच्या ऑफिसातली गोष्ट. दोन हजारच्या दशकाचा मध्य. मी पुण्याच्या एका आयटी कंपनीकडून तिथे टेस्टर म्हणून गेले होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी वापरून बघायचं आणि चुका काढायच्या. सापडलेल्या चुकीला बग म्हणतात. सगळे बग निस्तरले की टेस्टर एका कागदावर सही करतो. तिला साइन-ऑफ म्हणतात. ती नसेल तर साइट लोकांसाठी उघडत नाही.

आमच्या साइटवर नवीन पान येणार होतं. ग्रीक बेटांवरचं कुठलंही हॉटेल निवडा, आजूबाजूला बघण्यासारखं काय काय आहे आणि ते किती लांब आहे हे पान सांगणार. पवनचक्क्या, मठ, बीच, समुद्रातून काढलेले स्पंज विकणारं दुकान. या सगळ्याला एकच नाव, अट्रॅक्शन. हे पान बनवणारे आम्ही अकरा जण होतो, चार ब्रॅकनेलमध्ये, सात पुण्यात. अकरांपैकी एकानेही ग्रीस पाहिलेलं नव्हतं. ब्रिटनच्या वर्क परमिटवर ग्रीसला जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी सुट्टी मागायची कुणाची छाती नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आमच्या शेळ्या तर दुसऱ्या समुद्रात होत्या.

क्लायंटकडचा, म्हणजे त्या हॉलिडे कंपनीचा, मॅनेजर नायजेल मात्र सहा वेळा जाऊन आला होता. तिथे काय बघितलंस म्हणून मी त्याला एकदा विचारलं. "स्विमिंग पूल," तो म्हणाला. हॉटेलच्या बाहेर तो पडलाच नव्हता. या माणसाने ग्रीक बेटांवर काय बघावं याची सत्तर पानी रिक्वायरमेंट लिहिली होती. रिक्वायरमेंट म्हणजे क्लायंटला काय हवं आहे त्याचा दस्तऐवज. आमच्या लोकांसाठी ती पोथीच. पोथीत आहे ते करायचं, नाही त्याचा विचारही करायचा नाही.

अंतर मैलात दाखवायचं की किलोमीटरमध्ये यावर दोन मीटिंगा झाल्या होत्या. दशांशानंतर एक आकडा की दोन, यावर तिसरी. सगळे नाकाने कांदे सोलत होते. अंतर कशावरून मोजायचं, रस्त्यावरून की हवेतून, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुण्याच्या मुलांनी सोपा मार्ग घेतला. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश असतात. दोन जागांचे आकडे सूत्रात टाकले की सरळ रेषेतलं अंतर मिळतं, दोरी ताणून मोजावं तसं. त्या सूत्राला डोंगर कळत नाही, समुद्र कळत नाही. मुंबईहून अलिबाग असंच समोर दिसतं. गाडीने निघालात की मग पनवेल, पेण, वडखळ करत बसा. हे मला, कोकणात आजोळ असलेल्या बाईला, कळायला हवं होतं. पण माझ्या टेस्टच्या कागदावर लिहिलं होतं: अपेक्षित उत्तर २.६, आलेलं उत्तर २.६. मी पुढे 'पास' लिहिलं आणि चहा प्यायला गेले.

साइट उघडण्याआधी स्टाफला तिच्यावरून खरी बुकिंग करू दिली होती, चाचणी म्हणून. मॉरीनने तेव्हाच बुक केलं. ती आमची रिसेप्शनिस्ट. साठी ओलांडलेली, खुब्याचं ऑपरेशन झालेली, सगळ्या ऑफिसला 'लव्ह' म्हणणारी. ती आईच्या पोटात असताना तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात त्या दुसऱ्या बेटावर मारले गेले. तिथल्या युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. ती तिने कधी पाहिली नव्हती. आधी आईचं आजारपण, मग नवऱ्याचं, मग स्वतःचा खुबा. आता ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ती एकटी निघाली होती.

आमच्या पानावर ती दफनभूमी अट्रॅक्शन क्रमांक पाच होती. चार तारे, 'मुलांसाठी योग्य' पुढे हिरवी टिक, 'केव्हा जावे' पुढे 'सूर्यास्ताच्या वेळी'.

दुपारी मी त्या बेटाच्या बंदरात फोन लावला. तिकडच्या बाईने मोडक्या इंग्रजीत नीट समजावलं. ऑक्टोबरअखेर दोन बेटांमध्ये बोट आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी. परतीची पुढच्या सोमवारी. मॉरीन मंगळवारी पोहोचणार आणि पुढच्या रविवारी परत निघणार होती. म्हणजे सहा दिवस समोरचं बेट नुसतं बघत बसायचं.

मी बग नोंदवला. बगची गंभीरता एक ते चार असते. एक म्हणजे साइट उघडताच येणार नाही, चार म्हणजे स्पेलिंगची चूक. मी एक टाकला. दहा मिनिटांत अभिजित माझ्या टेबलापाशी. तो आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचाच, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

"हे काय केलंस? मंडेला गो-लाइव्ह आहे आपलं."

"मधे समुद्र आहे, अभिजित."

"रिक्वायरमेंटमध्ये 'डिस्टन्स' लिहिलंय. आपण डिस्टन्स दिलं. कुठे लिहिलंय की चालत जाता आलं पाहिजे?"

"अरे, लोक अंतर कशाला बघतात मग?"

"दॅट इज नॉट अवर स्कोप. मी एन्हान्समेंट करतोय हा बग."

एन्हान्समेंट म्हणजे पुढे केव्हातरी करायची सुधारणा. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ 'कधीच नाही'. जाता जाता तो म्हणाला, "तुझं परमिटचं एक्स्टेन्शन जायचंय ना या महिन्यात? पेपर्स माझ्याकडेच आहेत." धमकी दिली असं म्हणता येणार नाही. नुसती आठवण करून दिली. आपली माणसं परदेशात अशीच धमकी देतात.

संध्याकाळी मी खाली रिसेप्शनला गेले आणि मॉरीनला सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटत होतं. ती रडली नाही.

"मग तू मला हो का म्हणालीस?"

"स्क्रीनवर तसं होतं."

"स्क्रीन तूच तपासतेस ना, लव्ह?"

मला फार लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने बुकिंग विभागात विचारलं, हॉटेल बदलून त्या दुसऱ्या बेटावर मिळेल का? नियम साधा निघाला. साइटवरचं वर्णन चुकलं असेल तरच बदल. चुकलं आहे याचा पुरावा म्हणजे गंभीरता एकच्या बगचा नंबर. एन्हान्समेंट चालत नाही, कारण एन्हान्समेंट म्हणजे चूक नव्हेच. अभिजितने एक शब्द बदलला होता आणि त्यावर मॉरीनचं जाणं अडलं होतं.

त्याच दुपारी मीटिंगमध्ये मी हे नायजेलसमोर मांडलं.

"बेटं आहेत ती," नायजेल म्हणाला. "बोट असणारच."

"आठवड्यातून एकदा. ती असेल त्या दिवशी मॉरीन तिथे नसेल."

"लोक मुख्यतः पूलसाठी जातात."

"इट्स अ‍ॅज पर द रिक्वायरमेंट, नायजेल," अभिजित हसून म्हणाला. नायजेलही हसला. दोघांनाही एकमेकांची चूक झाकायची होती. नायजेलने लिहायचं ते लिहिलं नव्हतं, आम्ही विचारायचं ते विचारलं नव्हतं. असे दोघे समोरासमोर बसले की किती गोडीगुलाबीने बोलतात ते बघण्यासारखं असतं. खरं अट्रॅक्शन ते.

मग मी म्हणाले, "बग एक होत नाही तोवर मी साइन-ऑफ करणार नाही."

अभिजितने मला बाहेर नेलं.

"वेडी आहेस का? एक केला तर साइट उघडता येणार नाही. ओपन वन चालत नाही."

"मग दुरुस्त करा."

"तीन दिवसांत? चारशे हॉटेलं? रोड डेटा विकत घ्यावा लागेल." डोकं त्याचं चांगलं होतं. ते कुठे लावायचं एवढंच त्याला कळत नव्हतं. "ऐक. उद्या सकाळी मी वन करतो. तू नंबर घेऊन त्या बाईचं काम कर. दुपारी आपण पानाखाली एक लाइन टाकू, 'अंतरे सरळ रेषेत मोजलेली आहेत'. बग फिक्स्ड, बग क्लोज्ड. मग तू साइन कर."

"आणि बाकीचे लोक?"

"ते वाचतील ना लाइन."

मी हो म्हणाले. परमिटचा विचार मनात नव्हता असं सांगितलं तर ते खोटं होईल.

शुक्रवारी सकाळी बग एक झाला. अकरापर्यंत मॉरीनचं हॉटेल बदललं. नवं हॉटेल त्या दुसऱ्या बेटावर, दफनभूमीपासून पंधरा मिनिटांवर. या वेळी मी अंतर हॉटेलवाल्याला फोन करून विचारलं. दुपारी पानाच्या तळाशी करड्या रंगात, मुंगीच्या अक्षरात ती ओळ आली. ती दिसते का हे तपासणं माझं काम होतं. डोळे बारीक केले की दिसत होती. 'पास' लिहिलं. चार वाजता सही केली. सोमवारी साइट उघडली, नायजेलने केक कापला आणि अभिजितला हेड ऑफिसकडून कौतुकाची ईमेल आली. 'क्लायंट डिलाइट' असा तिचा विषय होता.

मॉरीन जाऊन आली. तिथे तिने काय केलं ते मी विचारलं नाही. तिनेच एवढं सांगितलं की रोज सकाळी जात होते, बसायला बाक आहे.

मॉरीनने नकाशा समोर ठेवून पाहिलं तसं साइटवरचं अंतर दुसऱ्या कुणी तपासलं नाही. पुढच्या मेपासून तक्रारींची पत्रं येऊ लागली. पोस्ट रिसेप्शनला येते. मॉरीन ती उघडायची आणि विभागवार लावायची. एका सकाळी ती पाच-सहा पत्रं घेऊन वर आली. एक जोडपं मठासाठी मुलाला बाबागाडीतून घेऊन निघालं होतं आणि धक्क्यावर जाऊन थांबलं होतं. एका म्हाताऱ्याचा भाऊ मॉरीनच्या वडिलांच्याच दफनभूमीत होता. तो गेला तेव्हाही बोट आठवड्यातून एकदाच होती, आणि सहा दिवस समोरचं बेट बघून तो परतला होता. प्रत्येकाला कंपनीकडून एकच उत्तर जाणार होतं: कृपया पानाच्या तळाची सूचना पाहावी.

म्हाताऱ्याचं पत्र तिने सगळ्यात वर ठेवलं होतं.

"मला तू सांगितलंस," ती म्हणाली. "याला कुणी सांगायचं होतं?"

ती खाली गेली. मी पत्र वाचलं, मग फाइलमधून माझा साइन-ऑफचा कागद काढला. त्या कागदावर टेस्टरच्या सहीचा अर्थ एका ओळीत छापलेला असतो: वरील सर्व मी स्वतः पाहिले आहे. माझी सही खोटी नव्हती. मी सगळं पाहिलं होतं.