मोठीचं कुलूप

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आता माझ्याकडूनही ऐका.

वीस वर्षं ती कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून खोकी भरायची. लग्नानंतर मीही तिच्या शेजारी उभी राहिले. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं मशीन दुरुस्तीच्या सहा महिन्यांच्या वर्गात नाव घातलं, म्हणून मीही घातलं. मेंटेनन्समध्ये जागा एकच होती. परीक्षेत वरचढ ठरेल ती टेक्निशियन, दुसरीनं परत खोकी भरायची. माझ्या पायांच्या शिरा सुजून निळ्या पडल्या होत्या. मला पुन्हा तिथं उभं राहायचं नव्हतं.

पण या बाईचं डोकं असं चालायचं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हावा. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायची की ग्रीस संपलंय. मास्तर लगेच मान डोलवायचे. घरी आली की नखांतला काळा मळ सासूबाईंना दाखवायची, जसं काही सोनंच लागलंय हाताला.

मास्तरांचा नियम एकच. मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला प्रत्येकानं आपापलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्याचं कुलूप म्हणजे दुसऱ्याचा हात समजा, असं ते रोज बजावायचे.

परीक्षेला आम्हा दोघींना मिळून एकच पट्टा दिला. बिघाड दोन, एकेकीला एक. आपला बिघाड काढून आधी पट्टा चालवून दाखवेल तिची सरशी; त्यासाठी दुसरीला हाक मारून तिचं कुलूप काढायला लावायचं. माझी मोटर चाळीस मिनिटांत उरकली. मी माझं कुलूप काढलं, तिचं तसंच लटकत होतं. हाक मारली, पण शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता. ही मुद्दाम मला अडवतेय, असं वाटून माझं डोकंच फिरलं. भिंतीवरचा मोठा कटर काढला आणि तिचं कुलूप कापलं.

स्विचला हात घातला तोच मास्तरांनी माझं मनगट धरलं. पट्ट्याखालून ती सरपटत बाहेर आली. रोलरच्या मागे हात घालून बसली होती, कोपरापर्यंत ग्रीस.

"ही आत आहे हे तुला माहीत नव्हतं?" मास्तरांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिला दिसलं नसेल."

मला नापास केलं. ती टेक्निशियन झाली, मी खोकी भरते. घरात तिनं यातलं अवाक्षर काढलं नाही. म्हणून तर सगळ्यांना ती देवमाणूस वाटते.

पट्ट्याखालून तिचे बूट बाहेर आले होते. टाचांना झिजलेले. मला दिसले होते.

तिलाही ते माहीत आहे. घरी मिक्सर अडकला की तीच बोटं घालून साफ करते. सासूबाई जवळ असल्या तर नुसतं बटण बंद करते. मी असले की प्लग काढते आणि काम होईपर्यंत डाव्या मुठीत धरून ठेवते.