बाबांची तिसरी धमनी

वारज्याच्या दवाखान्यात इंजेक्शनआधी माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासाने बाबांच्या फुप्फुसाच्या ऑपरेशनची आदली संध्याकाळ आठवली.

सर्जनबाईंनी स्कॅनवर बोट ठेवलं. "या भागात सहसा दोन धमन्या असतात. यांना तिसरी आहे, भलत्याच ठिकाणाहून निघालेली."

बाबा म्हणाले, "म्हणजे आतूनही आम्ही नियमात बसत नाही." कोणी हसलं नाही.

"धोका आहे का हो?" आईचा आवाज चिरकला.

"आधी दिसली नसती, तर उद्या चुकून कापली गेली असती," बाई शांतपणे म्हणाल्या.

मला फक्त 'कापली' एवढंच ऐकू आलं. घरी जेवण गेलं नाही.

बाबा पुढे कितीतरी वर्षं जगले. त्यांचा जीव त्या संध्याकाळीच वाचला होता, आम्ही मात्र घाबरून बसलो होतो.