देवघरातला मेणाचा ठोकळा

तुमच्या घरात कुणाच्या शरीरातून गाठ काढली असेल, तर ती आज कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे?

आम्हाला ठाऊक होतं. आईची गाठ मानपाड्याच्या आमच्या खोलीत, देवघराच्या खणात होती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आईच्या बांगड्या हातात चढेनात, चपला दर खेपेला मोठ्या लागायच्या. "पोरं वाढायची थांबली, आता ही वाढतेय," युनियनची पत्रकं लिहिणारे-वाटणारे बाबा चिडवायचे. मग तिची नजर अंधुक झाली आणि चेष्टा थांबली. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ होती आणि ती वाढीचं संप्रेरक भरमसाट बनवत होती. ऑपरेशन झालं, पण रक्तवाहिनीला चिकटलेला थोडा भाग आतच सोडावा लागला.

तो पुन्हा वाढेल का? नौपाड्यातले डॉक्टर बाबांना म्हणाले, एक नवी तपासणी आहे. पेशी वाढीला लागल्या की त्यांच्यात एक ठरावीक प्रथिन दिसतं. गाठीच्या पातळ कापावर रंग चढवायचा आणि किती पेशी रंगतात ते पाहायचं. "खूप रंगल्या तर आत्ताच रेडिएशन देऊ. कमी असतील तर थांबता येईल. खात्री नाही, अंदाज मिळेल." रेडिएशनने उरलेली ग्रंथी निकामी झाली तर जन्मभर गोळ्या. त्या अंदाजावर आमचं सगळं अडलं होतं.

तपासणी मुंबईत व्हायची. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो, तो आपणच न्यायचा. ठाण्याच्या लॅबने तो बाबांना औषधाच्या पुडीसारख्या पाकिटात दिला. वर इंग्रजीत एक नंबर, बाकी काही नाही. शनिवार होता. आमच्याकडे जे हरवू नये ते देवघराच्या खणात जायचं, रेशन कार्डसुद्धा. ठोकळाही तिथेच गेला.

कल्याणची आत्या आईच्या मदतीला आली होती. रविवारी ती परत गेली. सोमवारी सकाळी बाबांनी खण उघडला तर पाकीट नाही. शेजारच्यांच्या फोनवरून त्यांनी आत्याला गाठलं. ती फोनवर मोठ्यानेच बोलायची, त्यामुळे बाजूला उभं राहून मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, देवघरातलं पाकीट कुठेय?"

"ते होय? निर्माल्याबरोबर खाडीत सोडलं."

"अगं, त्यात गाठ होती."

"तुझ्या बायकोनेच सांगितलं मला. माणसाचं मांस देवापाशी ठेवतात का रे? त्या युनियनच्या पत्रकांनी डोकी फिरलीत तुमची. आणि मी काही फेकलं नाही हो, हात जोडून सोडलंय. पीडा गेली म्हण."

बाबांनी फोन ठेवला आणि तडक ठाण्याची लॅब गाठली.

गाठीचे काप लावलेल्या काही काचा तिथे उरल्या होत्या, पण त्यांच्यावर आधीच दुसरे रंग चढले होते. त्या चालणार नव्हत्या. "आता तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच ते आईकडे बघून बोलले. ती म्हणाली, "मी थांबते."

तेव्हापासून ती ठरल्या वेळी रक्त तपासून घेते. संप्रेरक वाढलं की रक्तात कळतं, पण तोवर गाठ वाढायला लागलेली असणार. रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी ती बोटातली अंगठी फिरवून फिरवून बघते, आणि आम्ही बघत नसल्यासारखं दाखवतो.

मी पत्रकं वाचत मोठा झालो. बोनस असो, नळाचं पाणी असो, आमच्या घरात साध्या मराठीत चार ओळी लिहून छापल्या गेल्या. त्या पाकिटावर 'तपासणीसाठी लागेल, जपा' एवढं कुणी लिहिलं नाही. तो ठोकळा कशासाठी आहे हे डॉक्टरांनी आईला सांगितलं नव्हतं, आणि पत्रकं वाटणाऱ्या बाबांनीही नाही. मग ती आत्याला काय सांगणार?

तुमच्या घरी असं ऑपरेशन ठरलं असेल तर सही करण्याआधी विचारा: ठोकळा कुठे राहणार, किती वर्षं, आणि मागितला तर कुणाकडून मिळणार. उत्तर मराठीत लिहून घ्या, आणि ज्याचं ऑपरेशन आहे त्याला ते सर्वांत आधी वाचून दाखवा.