गोधडीत गुंडाळलेला डबल बेस

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यात पकडला, हेही चटकन सांगता येत नाही. देवळाली कॅम्पातली ही एक केस मात्र पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या सहीपर्यंत लख्ख आठवते. मी तिथे प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. नावं सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा वडिलांना घेऊन ठाण्यात आला. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात एकटेच राहणारे. तरुणपणी ते क्लबांच्या आणि लग्नांच्या बँडमध्ये वाजवायचे. ते बाहेर गेले असताना त्यांचा जुना डबल बेस घरातून चोरीला गेला होता. आमच्या हवालदाराला ते काय असतं हे कळेना, म्हणून मुलानं मोबाइलवर फोटो दाखवला. दिसायला व्हायोलिनसारखं, पण माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं वाद्य.

"किंमत काय लिहू?" मी विचारलं.

"कुठली सांगू साहेब? दर महिन्याला वाढतेय," मुलगा म्हणाला. "मी ॲपवर फोटो टाकला आणि मुंबईहून फोन सुरू झाले. जर्मन बनावटीचं जुनं लाकूड आहे, असं आता मिळत नाही म्हणे. एका संग्राहकानं तर नव्या गाडीइतकी ऑफर दिली. रविवारी तो न्यायला येणार होता."

विक्रीला तुमची संमती होती का, असं वडिलांना विचारल्यावर त्यांनी होकारार्थी मान हलवली. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले होते. मुलाला त्यांना पुण्याला न्यायचं होतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे वाद्य ठेवायला जागा नव्हती.

गुन्हा दाखल करून आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं, कडीवर ओरखडासुद्धा नव्हता. टीव्ही जागेवर, कपाट बंद. चोरानं वाद्याबरोबर त्याचा गज नेला होता आणि गजाला लावायची राळही नेली होती. विकणारा चोर एवढी काळजी घेत नाही, हे मला तिथेच खटकलं. तरी नाशिक आणि मुंबईतल्या जुन्या वाद्यांच्या दुकानांत चौकशी लावली. असा माल कुणाकडेच आला नव्हता.

मग टीप आली, तीही भलत्याच गोष्टीची. विंचूरच्या पुढे रस्त्यालगत चहाचं हॉटेल चालवणाऱ्या बाईंनी तिथल्या पोलिसांना फोन केला होता. टेम्पोत गोधडीत गुंडाळलेलं प्रेत होतं, असा त्यांचा संशय. आमच्या केसचा निरोप तिथे पोचलेला असल्यानं त्या पोलिसांनी मला कळवलं. मी स्वतः जाऊन बाईंना भेटलो.

"माणसाएवढं लांब व्हतं साहेब," त्या म्हणाल्या. "पण सोबतचा बाबा सारखा ड्रायव्हरला म्हणे, गाडी सावलीत घे. दोनदा घ्यायला लावली. मंग मला वाटलं, मेलेल्याला ऊन लागतंय व्हय?"

टेम्पोवाला नेहमी कांदा भरून त्याच रस्त्यानं जाणारा होता, त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही. भाडं येवल्याचं होतं, असं तो म्हणाला. माल त्यानं स्टँडजवळ हातगाडीवर उतरवला होता. आणि भाडं देणारा? कॅम्पातच फौजी वर्दी शिवणारा एक म्हातारा टेलर.

हा टेलर म्हणजे फिर्यादीच्या वडिलांचा पन्नास वर्षांचा दोस्त. एकाच बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवायचा. घराची एक चावी कायम त्याच्याकडे असायची.

मी त्याला बोलावून घेतलं. चहा सांगितला, त्यानं घेतला नाही. "मीच नेलं," एवढं कबूल केलं आणि पुढे तोंड मिटलं. कुठे ठेवलं, का नेलं, एक शब्द नाही. आवाज चढवून हा माणूस बोलणार नाही, हे दिसत होतं. मी विषय बदलला.

"येवल्यात ऊन केवढं आहे चाचा. एवढं जुनं लाकूड, तडकलं तर?"

"नहीं तडकेगा," तो उसळून म्हणाला. "पैठणीवाल्याचं घर आहे. रेशीम कोरडं पडू नये म्हणून मागाच्या खोलीत गारवा ठेवतात. मी काय पत्र्याखाली टाकीन काय त्याला?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रडायलाच लागला.

"साहेब, त्यानं नाही म्हटलं नाही ना, ते पोराचं मन राखायला. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे जातो. भाभी गेल्यापासून तो बोलत नाही, नुसता वाजवतो. ते गेलं की हा किती दिवस काढेल? रविवार टळला की गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, एवढंच डोक्यात होतं."

येवल्याच्या विणकराकडून आम्ही मुद्देमाल पंचांसमक्ष ताब्यात घेतला. ओळख पटवण्यासाठी बाप-लेकाला बोलावलं. ठाण्याच्या व्हरांड्यात गोधडी सोडली. वडिलांनी वाद्य उभं केलं, तारा जुळवल्या, गज घेतला आणि वाजवू लागले. तो खोल आवाज फरशीतून पायाला जाणवत होता. वायरलेसवरचा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला. मुलानं वडिलांना बऱ्याच वर्षांत वाजवताना ऐकलं नसावं. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"पप्पा, मला सांगितलं का नाहीत?"

"तू किती येतील ते सांगत होतास," वडील म्हणाले. "विकू का, असं विचारलं नाहीस."

जबाब लिहिताना मी त्यांना विचारलं, या माणसानं तुमच्या परवानगीशिवाय वस्तू नेली का?

"माझ्या घरातलं काहीही उचलायला याला परवानगी लागत नाही. चावी मीच दिलीय. तसंच लिहा."

मालक वडील होते, आणि टेलरचा हेतू लबाडीचा नव्हता. मुलानंही गैरसमजातून तक्रार दिल्याचा पुरवणी जबाब दिला. मी सगळी हकीकत जशीच्या तशी लिहून न्यायालयात 'सी समरी' पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा अहवाल. न्यायालयानं ती मंजूर केली.

मुलानं ॲपवरची जाहिरात काढली. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, खरखरीत फरशी घातली, आणि महिन्यातून दोनदा तो देवळालीला येऊ लागला. त्या संग्राहकाचे फोन मात्र थांबेनात. प्रत्येक वेळी आकडा चढलेला. शेवटी मुलानं त्याला सांगितलं, "विकायचा नाही. ऐकायचा असेल तर या." आणि तो खरंच आला. दुपारभर बसून ऐकलं आणि जाताना नव्या तारांचा संच ठेवून गेला.

चोरीच्या फिर्यादीत मालाची किंमत लिहावीच लागते, आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी प्रत्येक फिर्यादीला आणखी एक गोष्ट विचारत असे: ही वस्तू तुमच्या घरात कोण वापरतं? त्या उत्तरातून पुष्कळदा तपासाला वाट मिळाली, आणि माणसंही कळली.

आता मी निवृत्त आहे. कधीमधी संध्याकाळी त्या घरी जातो. टेलरला दम पुरत नाही, तरी तो ट्रम्पेट सोडत नाही. परवा मी दारात दिसताच तो वाजवायचा थांबला आणि दोस्ताला म्हणाला, "बघ, साहेब आले. आज तरी सुरात वाजव."