रोज नवा पार्टनर

जवळजवळ ठरत आलेलं माझं लग्न मी स्वतःच्या तोंडाने मोडलं, तेही आमच्या फणसाखाली बसून, मोठ्या उत्साहाने. हसायचं तर खुशाल हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

मला कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ले देण्याची, नोकरी हवी होती. तिथल्या मुलाखतीत ‘केस’ सोडवावी लागते. म्हणजे कुणाचा तरी धंदा बुडत असतो आणि तो कसा तारायचा, ते आपण तिथल्या तिथे तोंडी सांगायचं. याची तयारी सहा महिने आधी सुरू कर, असं कॉलेजातले सीनियर सांगून सांगून थकले. मी कधी सुरू केली? तीन आठवडे राहिले तेव्हा, सुट्टीत घरी आचऱ्याला आल्यावर!

आता हा सराव एकट्याने होत नाही, समोर पार्टनर लागतो. त्यासाठी मोबाइलवर ग्रुप असतो. ओळख ना पाळख, नंबर घ्यायचा आणि सुरू करायचं. उशीर झालेला, म्हणून मी दिवसाला दोन-दोन पार्टनर गाठत होते. घरात रेंज नाही, म्हणून मुक्काम फणसाखाली.

त्या सकाळी आई खळ्यात आमसुलं वाळत घालताना मला काहीतरी सांगत होती. माझ्या कानात इअरफोन. मी नुसती मान डोलावली. ती सांगत होती, हे मला नंतर कळलं, की नांदगावच्या स्थळाचा मुलगा दुपारी तुझ्याशी फोनवर बोलणार आहे.

दुपारी मी नव्या पार्टनरची वाट बघत बसले होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज सभ्य, जरा घाबरलेला.

“नमस्कार. आज बोलायचं ठरलं होतं ना आपलं?”

“हो, मी वाटच बघतेय. तयारी कधीपासून सुरू केलीत?”

तो गडबडला. म्हणाला, घरचे दोन वर्षं मागे लागलेत, पण मनावर घेतलं ते याच महिन्यात. मला बरं वाटलं. माझ्याहून मागे असलेलं कुणीतरी भेटलं होतं.

“पहिलीच वेळ?” मी विचारलं.

“हो. तुमची?”

“छे हो, माझे तीसेक तरी झाले असतील. कालच दोन झाले. एक सकाळी, एक जेवणानंतर.”

पलीकडून नुसतं “अरे बापरे” ऐकू आलं. मला वाटलं, बिचारा दडपला. म्हणून मी जास्तच मायेने समजावायला घेतलं. एकाच पार्टनरवर अडकायचं नाही, दर वेळी नवा घ्यायचा, म्हणजे भीड चेपते. सुरुवातीला सगळेच अडखळतात, मीही अडखळायचे.

“घरी माहीत आहे हे?” त्याने हळूच विचारलं.

“माहीत म्हणजे? आईच चहा आणून देते.”

मग त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं, की एवढ्यांतून शेवटी एक निवडायचा कसा? मला वाटलं, कुठला जॉब घ्यायचा ते विचारतोय.

“त्यात काय? जो जास्त पैसे देईल तो.”

फोन बंद झाला. रेंज गेली, असं समजून मी फणसाभोवती दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात दुसरा फोन आला. “सॉरी, उशीर झाला. केस सुरू करूया?”

मी आधीचा नंबर पुन्हा उघडून बघितला. मग तो पहिला कोण होता?

उत्तर संध्याकाळी आईच घेऊन आली, नांदगावच्या त्या मुलाच्या आईकडून. “काय गो, तेच्या आवशीचो फोन इलो. तुझे रोज दोन दोन पार्टनर आसत? आणि मी तेंका च्या हाडून देतंय?”

मी केस म्हणजे काय ते तिला समजावायला गेले. ती म्हणाली, “माका काय सांगू नको. तेका सांग.”

पण मुलाखत तोंडावर आलेली. म्हटलं, आधी नोकरी, मग माफी. मुलाखतीला गेले, तिथे पहिल्याच केसमध्ये आपटले आणि परत आले. आता सवडच सवड होती. मी नांदगावला फोन लावला आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो इतका हसला, की मला वाटलं, जुळतंय पुन्हा.

“छान वाटलं ऐकून,” तो म्हणाला. “पण तुमचा सल्ला मला फार उपयोगी पडला. मी लगेच आणखी दोघींशी बोललो. खरंच भीड चेपली. दुसरीशी ठरलंसुद्धा.”

मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार? एवढ्या सरावात माझ्या सल्ल्याने फायदा झालेला तो एकमेव माणूस.