ठोकळ्यात नसलेला दात

भूत, मुंजा, चकवा... यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही मी म्हणणार नाही. माझा धंदाच तसा आहे. दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची मशीनं असतात ना, ती बिघडली की मला फोन येतो. राहतो महाडला. पोलादपूर, मग कशेडी घाट उतरून पार खेडपर्यंत मोटरसायकलवर फिरतो. बावीस वर्षांत कारण सापडलं नाही असा बिघाड मी पाहिलेला नाही. वायर तुटलेली असते, अर्थिंगच्या नावाने बोंब असते, नाहीतर उंदराने केबल खाल्लेली असते. डॉक्टर म्हणतात मशीन झपाटलंय, मी म्हणतो आधी प्लग बघा. त्यामुळे हे लिहिताना खरं तर लाज वाटतेय. पण सव्वा वर्ष झालं, घरातल्या दोघी सोडून कुणाला बोललो नाही.

आधी दादाचं सांगावं लागेल. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे, पंधरा-वीस घरांची. मी डिप्लोमा करून खाली आलो, तो म्हशी सांभाळत वरच राहिला. या प्रकाराच्या चार वर्षं आधी, भर पावसात, पलीकडे अडकलेल्या म्हशी आणायला तो पऱ्यात, म्हणजे वाडीजवळच्या ओढ्यात, उतरला आणि वरून लोंढा आला. एक म्हैस दोन दिवसांनी खाली सावित्रीच्या काठाला सापडली. दादा सापडला नाही. महिनाभर आम्ही नदी पालथी घातली... चप्पलसुद्धा मिळाली नाही.

वहिनी चार वर्षं तशीच राहिली. ना सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे बायकांना कळायचं नाही, आणि बोलावलं तर जावं की नाही हे तिला. शेवटी गेल्या वर्षी माघात तिनेच मला सांगितलं, आता विधी करून टाका. देह मिळाला नाही की आमच्याकडे दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. दादाला मुलगा नाही, म्हणजे अग्नी मी द्यायचा. गुरुवारची सकाळ ठरली.

बुधवारी मी महाडहून वर जायला निघालो आणि पोलादपूरहून फोन आला. तिथल्या एका डॉक्टर मॅडमचा, दोन वर्षांपूर्वीच दवाखाना टाकलाय त्यांनी. वयाने पोरगीच आहे, मला ‘काका’ म्हणते. बेचाळीसाव्या वर्षी काका... असो. म्हणाल्या, एक्स-रे कोराच येतोय, पेशंट परत पाठवावे लागतायत. वाटेतच होतं, म्हणून थांबलो. खरं सांगू? वर जाणं जितकं लांबेल तितकं मला हवंच होतं.

दुपारचे बारा-सव्वाबारा. आता एक्स-रे फिल्मवर निघत नाहीत. तोंडात एक चपटा सेन्सर ठेवतात, त्याची वायर लॅपटॉपला जोडलेली असते, बटण दाबलं की दोन सेकंदात चित्र स्क्रीनवर. बिघाड मला पाच मिनिटांत सापडला. मॅडमनी बाजारातून एक स्वस्तातली एक्स्टेंशन केबल आणून मध्ये घातली होती. ती काढून फेकली, सेन्सर थेट लॅपटॉपला जोडला. मग टेस्ट.

टेस्ट आम्ही माणसावर करत नाही. माझ्याकडे गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा एक ठोकळा आहे, त्यात काढलेले तीन दात बसवलेत, तिन्ही वरच्या जबड्याचे. महाडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो मला करून दिला होता. त्याच ठोकळ्यावर मी हजारो एक्स-रे मारलेत. ते तीन दात मला स्वतःच्या दातांपेक्षा जास्त पाठ आहेत. ठोकळा ठेवला, मागे सेन्सर लावला, बाहेर जाऊन बटण दाबलं.

स्क्रीनवर आली खालची दाढ.

रूट कॅनल केलेली. आणि एका मुळाच्या टोकाशी, गळासारखी वाकलेली बारीक पांढरी रेघ. मूळ साफ करताना आत सुई तुटून राहिली की तशी दिसते. तशी ती पुष्कळांच्या दातात असते. पण ही मी ओळखली. दादाची दाढ त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांनी केली होती, सुई तुटली तेव्हा मी तिथेच मशीन उघडून बसलो होतो. डॉक्टरांनी तोंड लपवलं नाही, स्क्रीन वळवून आम्हा दोघांना दाखवली. त्यानंतर दादा वर्षभर ‘माझ्या तोंडात गळ हाय, मासा लागंल’ म्हणून सगळ्या वाडीला हसवत होता.

इथपर्यंत मी म्हटलं असतं, जुना फोटो कुठून तरी घुसला. पण त्या जुन्या एक्स-रेमध्ये शेजारी दुसरी दाढ होती, पार किडलेली. डॉक्टरांनी काढायला सांगितलं होतं आणि दादाने टाळलं होतं. तो वाहून गेला त्याच्या आठ दिवस आधी आम्ही एकत्र जेवलो तेव्हाही ती तोंडात होती, कारण तो एकाच बाजूने चावत होता आणि मी त्याला त्यावरून बोललो होतो. समोरच्या स्क्रीनवर ती दाढ नव्हती. जागा रिकामी, खाली हाड गुळगुळीत भरलेलं.

मॅडम मागून डोकावल्या. म्हणाल्या, छान आलाय, पेशंट कोण? शेजारची दाढ काढून वर्षभर तरी झालेलं दिसतंय.

मी म्हणालो, टेस्ट आहे. त्यांना वाटलं सॉफ्टवेअरमधला नमुन्याचा फोटो असेल, त्या बाहेरच्या पेशंटकडे गेल्या.

आणि मग मी जे केलं ते माझ्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. टेस्टचे एक्स-रे आम्ही ठेवत नाही, पेशंटांच्या फोटोंत कचरा नको म्हणून. खिडकी बंद केली की सॉफ्टवेअर विचारतं, पुसू का? इतकी वर्षं माझं बोट ‘हो’वर जातंय. तेव्हाही गेलं. डोकं सुन्न होतं आणि बोट आपलं काम करत होतं. कळलं तेव्हा स्क्रीन रिकामी होती.

पुढे सात एक्स-रे मारले. सातही वेळा माझे तीन दात, जिथल्या तिथे. नंतर एकदा जाऊन पुसलेल्या फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. ते सात सापडले, पहिला नाही. नमुन्याचे फोटो सगळे तपासले, त्यात असा एकही नव्हता. म्हाताऱ्या डॉक्टरांचा कॉम्प्युटर केव्हाच पुराच्या पाण्यात गेला, म्हणजे ताडून बघायची सोयही नाही. मॅडमना आजही आठवतं. खालची दाढ, तुटलेली सुई, शेजारची जागा रिकामी. म्हणजे मला भास झाला म्हणावं तर तेही नाही.

वाडीवर पोचलो तेव्हा चार वाजले असतील. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच मला चीड येत होती. वाटभर एकच घोळत होतं — सांगू की नको? दाढ काढून वर्ष झालेलं असेल, तर पऱ्यातून तो बाहेर निघाला. कुठेतरी जगला. कुणीतरी त्याची दाढ काढली. आणि उद्या सकाळी मी त्याला जाळणार.

वहिनी अंगण सारवत होती. मी बाजूला बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती सारवणाने माखलेला हात तसाच धरून बसली, शेण वाळेपर्यंत. मी म्हटलं, वहिनी, उद्याचं थांबवू या का? तुम्ही म्हणाल तसं.

ती म्हणाली, “भावोजी, पान्यात गेले आसतील तर घरी यायचं व्हतं, पन येता आलं नाय, आसं धरून मी जगते. जिते आसतील नि चार वर्सं आले नसतील, तर मला काय ऱ्हायलं?”



“त्या फोटोतलं मला नको,” ती म्हणाली. “उद्याचं होऊंद्या.” आणि उठून हात धुवायला गेली.

सकाळी गुरुजी आले, पुतळा बांधला. दादाचा एक सदरा तिने त्यावर घातला, बटणंसुद्धा लावली. मी अग्नी दिला. पळसाची वाळकी पानं, भरभर पेटली. वहिनीने लगेच कुंकू पुसलं आणि आत जाऊन चहा टाकला, सगळ्यांना. त्या दिवसापासून ती नीट जेवते, झोपते, बायकांत उठते-बसते. तिचं बरं झालं असं वाडी म्हणते, आणि ते खरंच आहे.

माझं तसं नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा, सेन्सरमध्ये असं होऊ शकतं का. मी कंपनीला विचारलं, ते म्हणाले शक्य नाही. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. हल्ली कुठल्याही दवाखान्यात गेलो की बाकावर बसलेल्या पन्नाशीच्या माणसांची तोंडं आधी बघतो. मी मेलेल्या भावाला अग्नी दिला की जिवंत भावाला, मला अजून माहीत नाही.