वन्संनी न दिलेलं उत्तर

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, सरकारात दुभाषी आहेत. परदेशी पाहुणे आले की आपल्या मंत्र्यांचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगायचं आणि त्यांचं आपल्या भाषेत. दिवसभर दुसऱ्यांचं बोलायचं आणि घरी आल्यावर तोंडाला कुलूप! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई शिष्ट आहेत. ह्यांना विचारलं, "तुमच्या ताई माझ्याशी बोलत का नाहीत?" हे म्हणाले, "ताई माझ्याशी तरी कुठे बोलते? मनाला लावून घेऊ नकोस."

त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. लग्न केलं नाही. वर दोन खोल्या, शब्दकोशांचं एक कपाट आणि खिडकीपाशी एक खुर्ची. दुसरी खुर्ची साहेब यायला लागले तेव्हा आली.

साहेब म्हणजे संरक्षण खात्याचे सचिव. पद एवढं मोठं, पण माणूस साधा. ओळख झाली ती एका मेजवानीत. मेजवानीत दुभाष्याची खुर्ची पाहुण्यांच्या मागे असते. सगळे जेवतात आणि वन्संनी मात्र बोलत राहायचं. तोंडात घास असला तर बोलणार कसं? इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ते साहेबांच्या आलं. सगळे पांगल्यावर ते स्वतः आत जाऊन ताट वाढून घेऊन आले आणि वन्संचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले. त्यांची बायको गेलेली, मुलगी दुसऱ्या गावी. मग रविवारी दुपारी ते आमच्याकडे यायला लागले. दोघं मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची.

रविवारी दुपारी जिन्यावर माझं काम जरा जास्तच निघायचं, हे मी कशाला लपवू? वरून वन्संचं हसणं ऐकू यायचं. त्या हसतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, "बघा हं, घरात लग्न निघतंय." हे म्हणाले, "या वयात?" म्हटलं, "या वयात नाही तर कधी? वर गेल्यावर?"

साहेबांनी एका गोष्टीवर पाय रोवले होते. एका बलाढ्य देशाला आपलं बंदर त्यांच्या लढाऊ जहाजांसाठी हवं होतं. साहेब म्हणायचे, मी या खुर्चीत असेपर्यंत ते होणार नाही. पेपरात सुद्धा छापून आलं होतं. मग त्या देशाचे राजदूत एकदा थेट पंतप्रधानांना भेटायला गेले. साहेबांना त्या बैठकीला बोलावलं नव्हतं. वन्संना बोलावलं, कारण त्यांच्याशिवाय बोलणं पुढे जाणार कसं?

त्या संध्याकाळी वन्सं घरी आल्या आणि चपलासुद्धा न काढता जिन्यावर बसल्या. "काय झालं?" म्हणत मी खांद्यावर हात ठेवला मात्र, बाई रडायलाच लागल्या. कशासाठी ते माहीत नसताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. नाक पुसून त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस." आता सांगायला मला कळलं होतं काय, कप्पाळ?

पुढच्याच आठवड्यात बातमी आली. संरक्षण सचिवांचा राजीनामा, प्रकृतीच्या कारणास्तव. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "प्रकृती? परवा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले की!" आणि थोड्याच दिवसांत बंदरात ती जहाजं येऊन उभी. मला राजकारण कळत नाही, पण मी घर चालवते. माझ्या स्वयंपाकघरात कुणी उभं राहायचं हे शेजारीण ठरवायला लागली, तर ते घर माझं राहिलं का? माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. पण भांडणार कुणाशी?

त्या रविवारी साहेब आले. मी चहा घेऊन वर गेले, तर दाराशीच पाय थबकले.

"त्या बैठकीत तुम्ही होतात," साहेब म्हणत होते. "माझं नाव निघालं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा. मला कुठे बोलायचं नाहीये. उरलेलं आयुष्य मला ह्या प्रश्नाबरोबर एकट्याला काढायचंय, म्हणून विचारतोय."

वन्संनी कोड्याची पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला विचारू नका."

"मी आता सचिव नाही, बाई. साधा माणूस म्हणून विचारतोय."

"म्हणूनच सांगता येत नाही. सचिव असतात तर कदाचित सांगितलं असतं."

साहेब उठले. दारात मी चहा धरून उभी. "येतो, वहिनी," म्हणाले. काय वाईट हसले! चहा तसाच खाली नेला.

नंतर कितीतरी रविवार गेले. वन्सं दुपारी केस विंचरून खिडकीत बसायच्या आणि कोड्याची पेन्सिल तशीच ठेवून संध्याकाळी उठायच्या. मला बघवेना. म्हटलं, "मी सांगते त्यांना, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन रडलात म्हणून."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तू सांगितलंस म्हणजे मीच सांगितल्यासारखं आहे."

"खड्ड्यात गेली ती नोकरी!"

"नोकरीचं नाही गं. मी बाहेर बोलत नाही, एवढीच माझी किंमत आहे. ती गेली तर माझ्याकडे काय उरतं?"

"आणि आता काय उरलंय?" बोलून गेले मी. जिभेला हाड नाही माझ्या. त्यांनी मनगट सोडलं आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

मग एकदा फोन वाजला. साहेब होते. मुलीकडे कायमचं राहायला निघाले होते.

"निदान एकदा येऊन जा हो," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं नाही म्हणून इतका राग?"

"राग कसला, वहिनी? त्यांनी सांगितलं की. नाव निघालं नसतं तर सरळ 'नाही' म्हणाल्या असत्या. माझ्यापासून ते लपवायचं काही कारणच नव्हतं."

"मग या ना!"

ते म्हणाले, "मला घालवायचं ते वाक्य राजदूताचं. पण आपल्या भाषेत ते पहिल्यांदा निघालं बाईंच्या तोंडून. त्यात त्यांचा काही दोष नाही, मला कळतं. पण आता त्या काहीही बोलल्या, तरी मला तेच ऐकू येणार. कोडं सोडवणार कसं? त्यांना जपा."

फोन ठेवला आणि वळले, तर वन्सं जिन्यावर. एक हात कठड्यावर.

"कुणाचा गं?"

काय सांगणार होते मी? ज्या गप्प राहण्यापायी बाईंनी आपला एकुलता एक माणूस गमावला, त्या गप्प राहण्यातूनच साहेबांना सगळं कळलं, हे सांगू? की त्यांचा आवाजच आता साहेबांना नकोय, हे?

"राँग नंबर," मी म्हटलं.

आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकत आलेली बाई. तिला खोटं कळलं नसेल? त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही. वर गेल्या आणि दार लावून घेतलं.